जुन्या संगणकाची वेगपरीक्षा

जुन्या संगणकाचा वेग वाढवावयाचा, तर तो आधीं मोजावयास हवा. उदाहरणार्थ आम्ही १९९२ सालचा इंटेल ४८६ डीएक्स२-६६ हा प्रोसेसर घेतों. त्याच्या आंत सेकंदास ६ कोटी ६० लक्ष ठोके पडतात. मदरबोर्डावर मात्र निम्मेच. तेथील एक ठोका सुमारें ३० नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या ३० अब्जांशांचा. त्या काळच्या मेमरीस उत्तर देण्यास ६० ते ७० नॅनोसेकंद लागत. म्हणून प्रोसेसरास कांहीं ठोके नुसतें थांबावें लागतें. हे ठोके बायॉसमध्यें कमी केले कीं वेग वाढतो. परंतु ते फारच कमी केले, तर मेमरीचें उत्तर पुरें होण्यापूर्वींच वाचलें जाऊन संगणक अडतो; किंवा, याहून वाईट, निमूटपणें चुकीचें उत्तर देतो.

यास्तव आपण असा क्रम पाळूं. प्रथम मूळ स्थितींत एकच चाचणी तीन वेळां घेऊन आंकडे वहींत टिपूं. मग एकच बदल करून पुन्हा मोजूं. दोन बदल एकदम केल्यास गुण कशाचा आला हें कळत नाहीं. शेवटीं मेमरीची परीक्षा कित्येक तास चालवूं. तींत एकही चूक निघाली, तर मिळालेला वेग सोडून देऊं. उत्तर खरें असेल तोंवरच वेगाला मोल. हें यंत्रास जितकें, तितकेंच विद्यार्थ्यासही लागू आहे.