सीता नाव कोणी का ठेवत नाही?



आजचं वाचन बालकांडातलं, प्रचलित पाठातला सर्ग ६६. जनक राजा विश्वामित्रांना शिवधनुष्याची हकीकत सांगतोय आणि बोलता बोलता मुलीबद्दलही सांगून जातो. मी शेत नांगरत होतो, नांगराच्या तासातून ती वर आली, म्हणून तिचं नाव सीता. एवढंच. पुढे लगेच धनुष्याची गोष्ट सुरू होते. मीही हा श्लोक आजवर दहा वेळा तरी नुसता स्क्रोल करून पुढे गेलो असेन.

या वेळी थांबलो, कारण घरात नावाचाच विषय चालू आहे. मुलगी झाली, बारसं नंदुरबारला गावी करायचं ठरलंय. नावांची यादी काढली, त्यात मी 'सीता' लिहिलं. व्हिडिओ कॉलवर आजीने ऐकलं आणि म्हणाली, "नको रे भाऊ. पोरीच्या नशिबी वनवास कशाला लिहितोस?" आजी रोज रामरक्षा म्हणते, आणि सीतेचं नाव मात्र घरात नको! मग मी यादीवरची बाकीची नावं वाचली. जानकी? चालेल. वैदेही? छान आहे. मैथिली? तेही चालेल.

अहो, पण ही सगळी एकीचीच नावं ना! वनवास काय नाव बघून येतो का?

नंतर लक्षात आलं की फरक आहे. जानकी म्हणजे जनकाची. वैदेही म्हणजे विदेहाची, मैथिली म्हणजे मिथिलेची. बापाची किंवा बापाच्या राज्याची ओळख सांगणारी ही नावं. या यादीत तिचं स्वतःचं, ती जिथून आली ते सांगणारं नाव एकच, सीता. आणि नेमकं तेच आपण टाळतो.

हे नाव रामायणाहूनही जुनं आहे. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात ५७ वं सूक्त शेताचं आहे, क्षेत्रपतीचं. त्यात सीतेला, म्हणजे नांगराच्या तासालाच, देवी म्हणून हाक मारलीय की तू जवळ ये, आम्हाला चांगलं फळ दे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या शेतीचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याला सीताध्यक्ष म्हटलंय. म्हणजे शेती खात्याचं नावच सीता! 'सहन करणारी' हा अर्थ या नावात कुठेच नाही. तो आपण नंतर चिकटवला. पेरणीच्या वेळी तिफणीमागून सरत्यात बी सोडत जाणारी बाई ज्यांनी पाहिलीय, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता झाडांकडे या. दिवाळीच्या आसपास धडगाव-मोलगीकडच्या सातपुड्यातली सीताफळं नंदुरबारच्या बाजारात येतात. डोंगरउतारावर आपोआप वाढलेल्या झाडांची, आदिवासी बायांनी टोपल्यांतून आणलेली. वनस्पतिशास्त्र सांगतं की हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं, आणि पोर्तुगीजांबरोबर इकडे आलं असं बहुतेकांचं मत. म्हणजे वाल्मीकींनी ते पाहिलंही नसणार. काही जण म्हणतात मूळ शब्द 'शीतफळ', थंड गुणाचं म्हणून. असेलही. पण खडकाळ, हलक्या जमिनीत, कोणी पाणी न घालता वाढणाऱ्या आणि आत गोड असणाऱ्या फळाला लोकांनी हेच नाव पक्कं केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सीता-अशोकाचा एक गोंधळही सांगून टाकतो. सोसायटीच्या गेटवर जे उंच सरळसोट 'अशोक' लावतात तो खरा अशोक नाहीच. खऱ्याला, नारिंगी-लाल फुलांच्या गुच्छांच्या अशोकाला, सीता-अशोक म्हणतात. आणि सुंदरकांड नीट वाचलं तर अशोकवनात सीता बसलेली दिसते ती शिंशपेच्या झाडाखाली!

पण माझं सगळ्यात आवडतं ते कास पठारावरचं 'सीतेची आसवं'. पावसाळ्यात ओल्या कातळावर पसरणारी बारीक जांभळी फुलं. नाव ऐकून डोळ्यांत पाणी येतं. मात्र ही वनस्पती कीटकभक्षी आहे. त्या निकस थरात पोषण कमी, म्हणून ती ओल्या मातीतल्या बारीक पिशव्यांत जीव पकडून जगते. आसवं म्हणून बघायला जावं तर खाली जगण्याची पूर्ण यंत्रणा चालू!

जात्यावरच्या ओव्यांमध्येही हेच दिसतं. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत सीतेचा वनवास पुन्हा पुन्हा येतो, आणि दळणारी बाई तो स्वतःचाच असल्यासारखा सांगते. आजीची भीती तिथूनच आली असणार. ती भीती खोटी नाही. आजीने आयुष्यात अशा सीता पाहिल्यात.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या रावेरीला सीतेचं देऊळ आहे. तिथे राम नाही. लोक सांगतात, टाकून दिलेली सीता तिथे आली, लव-कुश झाले, तिने गावाकडे पसाभर गहू मागितला आणि कोणी दिला नाही. तेव्हा तिने शाप दिला की इथे गहू पिकणार नाही. बघा, जिचं नावच नांगराचं तास, ती चिडली तर पीकच थांबवणार. या देवळाच्या जीर्णोद्धारात शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुढाकार घेतला. त्याच संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम चालवली होती, शेतकऱ्याने जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करायचा अशी. सातबाऱ्यावर बाईचं नाव! जनकाच्या त्या श्लोकावर याहून चांगलं भाष्य मी वाचलेलं नाही.

शेवटी उत्तरकांड, सर्ग ९७. हे कांड नंतरचं आहे असं अनेक अभ्यासक मानतात. तरी परंपरेने ते सांभाळलंय, म्हणून वाचायचंच. भरसभेत सीतेने पुन्हा एकदा शुद्धीची शपथ घ्यावी असं ठरतं. ती रडत नाही, वादही घालत नाही. रामाशिवाय दुसरा कोणी मनात आणला नसेल तर धरणीने मला जागा द्यावी, एवढंच म्हणते. शपथ खरी ठरते, आणि ती सिद्ध होते त्याच क्षणी सीता अयोध्येच्या हातातून निघून जाते. राजा रविवर्म्याने हा प्रसंग 'सीता भूमिप्रवेश' या चित्रात रंगवलाय. माझं लक्ष त्यात रामाकडेच जातं. त्याला आता काहीच करता येत नाही.

मी हा सर्ग फोनवर आजीला वाचून दाखवला, आणि बालकांडातलाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नावाने काही होत नाही रे, मला कळतं. पण लोक पोरीला नावावरून बोलतात, आणि तिने सगळं सोसावं असं धरून चालतात."

मी म्हटलं, "आपण नाही धरणार."

"तुझ्या आजोबांनी पण लग्नात असंच सांगितलेलं," ती म्हणाली आणि हसली. मग जरा थांबून म्हणाली, "पाळण्यात मी कानात सीताच सांगते. कागदावर काय लिहायचं ते सूनबाईला विचार. नऊ महिने तिने काढलेत."

सूनबाईचं अजून ठरलेलं नाही. बारसं रविवारी आहे.

उद्या सर्ग ६७, धनुष्यभंग. राम कृष्ण हरी.