नवा संगणक, जुनी पत्रे



१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली. ज्या जुन्या संगणकांवर पुढची प्रणाली चालत नाही, ते बदलण्याची वेळ त्यामुळे अनेक घरांवर आली. आमच्या पिंपरी-चिंचवड भागातल्या पुष्कळ घरांत कोणी ना कोणी भोसरीच्या, तळवड्याच्या किंवा चाकणच्या कारखान्यात कामाला असते. पगाराची स्लिप, नेमणुकीचे पत्र, कंपनी सोडताना मिळालेला अनुभवाचा दाखला हे सारे आता ई-मेलनेच येते. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या माणसाला कंपन्या वरचेवर बदलाव्या लागतात. त्याने कोठे किती वर्षे काम केले याचा पुरावा पुष्कळदा त्या पत्रांतच असतो. आणि नवा संगणक घरी आला की, "तुला कळतं ना त्यातलं? मग दे जोडून!" असे म्हणून हे काम घरातल्या शाळकरी मुलाकडेच येते. तेव्हा कोणती गोष्ट कोठे असते, हे आधी नीट समजून घेऊ या.

पहिला प्रश्न असा, की घरातले इंटरनेट संगणकात असते काय? नाही. ते भिंतीवरच्या राउटरपर्यंत येते आणि तेथून पुढे वाटले जाते. चाकणचा एखादा कारखाना डोळ्यांपुढे आणा. बाहेरच्या जगाला त्याचा फक्त प्लॉट नंबर ठाऊक असतो. आत स्टोअर आहे, पेंट शॉप आहे, असेंब्ली आहे. पण पोस्टमन गेटपर्यंतच येतो. गेटवरचा कारकून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची आवक-जावक नोंदवहीत नोंद करतो, त्याला एक क्रमांक देतो, आणि त्या क्रमांकाचे उत्तर आले की ज्या विभागाचे त्या विभागाला पोचवितो. तुमचा राउटर हेच काम करतो, फक्त सेकंदाला हजारो वेळा. नव्या कामगाराला जसा गेटपास मिळतो, तसा नव्या संगणकाला राउटर एक आतला पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. हा पासही ठरावीक मुदतीचाच असतो आणि मुदत संपत आली की वाढवून घेतला जातो.

आता एक गंमत करून पाहा. तुमच्या संगणकाचा हा पत्ता सेटिंगमध्ये शोधून लिहून ठेवा आणि दुसऱ्या इमारतीत राहणाऱ्या मित्राला त्याचा पत्ता विचारा. दोघांचा पत्ता अगदी एकच निघण्याचा संभव बराच आहे! तरीही तुमची पत्रे त्याच्याकडे जात नाहीत. दोन कारखान्यांत स्टोअर असले म्हणून माल चुकतो का? हे पत्ते आतल्या वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत. त्याचे कारण साधे आहे. जुन्या पद्धतीचा इंटरनेट-पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे असे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटीच होतात. जगात माणसेच ८०० कोटींहून अधिक आहेत, आणि एकेका घरात चार-चार यंत्रे!

तेव्हा इंटरनेट "हलवावे" लागतच नाही. नव्या संगणकाला वायफायचे नाव आणि पासवर्ड सांगितला की त्याला गेटपास मिळतो. अडचण येते ती राउटर नसलेल्या घरात, जेथे केबल सरळ संगणकात खुपसलेली असते. तेथे केबलवाल्याने दिलेले युजरनेम आणि पासवर्ड जुन्या संगणकातच साठविलेले असतात. काही केबलवाले संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा क्रमांकही आपल्याकडे नोंदवून ठेवतात. मग नवे यंत्र त्यांना अनोळखी वाटते आणि फोन करून नोंद बदलून घ्यावी लागते.

आता पत्रांकडे वळू. खरी काळजी येथे आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हा जोडणी टेलिफोनच्या तारेवरून व्हायची आणि जोडलेल्या प्रत्येक तासाचा हिशेब व्हायचा. त्यामुळे शहाणा माणूस पत्रे झटपट उतरवून घेई, फोन ठेवून देई आणि मग सावकाश वाचत बसे. त्यासाठी सोयीची होती ती पॉप नावाची रीत. तिची पहिली आवृत्ती १९८४ सालची. या रीतीत आपण पोस्टातल्या आपल्या पेटीतून पत्रे घरी आणतो आणि पेटी बहुधा रिकामी होते. पत्र आता जगात एकाच ठिकाणी आहे: तुमच्या संगणकाच्या डिस्कवर. १९८६ साली मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात दुसरी रीत मांडली, ती आयमॅप. तीत पत्रे पोस्टातच राहतात. आपण घरी बसून ती पाहतो, आणि सोयीसाठी एक प्रत जवळ ठेवतो.

म्हणून जुना संगणक बंद करण्याआधी पत्रांच्या प्रोग्रामचे अकाउंट सेटिंग उघडा आणि पॉप की आयमॅप ते पाहा. फोनवरून खात्यात शिरून जुन्यात जुने पत्र दिसते का, हेही बघा. दोन-तीन महिन्यांच्या मागचे काहीच दिसत नसेल, तर बाकीची पत्रे बहुधा फक्त जुन्या डिस्कवर आहेत. आउटलुकमध्ये ती पी.एस.टी. नावाच्या फाइलीत असतात, थंडरबर्डमध्ये प्रोफाइल नावाच्या फोल्डरात. प्रोग्राम बंद करून मगच त्यांची प्रत घ्या.

आयमॅपमध्ये धोका नाही असे मात्र समजू नका. तेथे तो उलट्या बाजूने येतो. जुना संगणक विकायचा म्हणून कोणी त्यातली पत्रे निवडून पुसू लागले, तर तो प्रोग्राम पोस्टालाच कळवितो की "ही पत्रे काढून टाका," आणि नव्या संगणकातूनही ती नाहीशी होतात. पुसायचे असेल तर आधी जुन्या प्रोग्राममधून खाते काढून टाकावे.

प्रत घ्यायला वेळ किती लागेल? येथे बिट आणि बाइट यांचा घोळ होतो. लाइनचा वेग बिटांत सांगतात, फाइलीचा आकार बाइटांत, आणि १ बाइट म्हणजे ८ बिट. समजा, पत्रे २० गिगाबाइट आहेत. म्हणजे १,६०,००० मेगाबिट. वर पाठविण्याचा वेग सेकंदाला ४० मेगाबिट असेल तर ४,००० सेकंद, म्हणजे एक तास सात मिनिटे लागतील. उलट, ६४ गिगाबाइटचा भरलेला पेन ड्राइव्ह खिशात घालून तुम्ही निगडीहून तळवडे-महाळुंगे मार्गे तासाभरात चाकणला पोचलात, तर तुमचा खिसा सेकंदाला सुमारे १४२ मेगाबिट वेगाने माहिती नेत असतो! (संध्याकाळी कारखाने सुटण्याच्या वेळी हा वेग फारच घटतो, हे सांगायला नको.)

प्रत झाल्यावर दोन्हीकडच्या पत्रांची संख्या जुळवा. सर्वांत जुने पत्र उघडा, आणि ज्याला फाइल जोडलेली आहे असे एखादे पत्र उघडून ती फाइलही वाचता येते का ते पाहा. पासवर्डचेही तसेच. जुना संगणक तो आपोआप भरतो, म्हणून घरात कोणाला तो आठवतच नाही. जुने यंत्र चालू असतानाच नव्यावर हाताने पासवर्ड भरून पाहावा. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर वडिलांच्या बंद पडलेल्या सिमचा असेल, तर तो त्याआधी बदलून घ्यावा.

"पण जुना संगणक माळ्यावर ठेवला की झाले, पत्रे सुरक्षित!" असे आजोबा म्हणतील. चुंबकीय हार्ड डिस्कमध्ये प्रत्येक बिट हा चुंबकत्वाची दिशा म्हणून नोंदलेला असतो आणि वीज नसतानाही तो बराच काळ टिकतो. पण तिची मोटर आणि वाचणारे शीर्ष यांची तशी हमी नाही. नव्या एस.एस.डी.मध्ये बिट म्हणजे विद्युतरोधकाने वेढलेल्या सूक्ष्म कप्प्यात कोंडलेले इलेक्ट्रॉन. वर्षानुवर्षे वीज मिळाली नाही तर ते हळूहळू निसटतात, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली तापणाऱ्या माळ्यावर आणखी लवकर. यंत्र भंगारात द्यायचे असेल तर गोष्ट उलटी होते. साध्या पुसण्याने हार्ड डिस्कवरची बहुधा फक्त अनुक्रमणिकेतली नोंद जाते; पान तसेच राहते, आणि योग्य प्रोग्राम असलेला माणूस ते वाचू शकतो. म्हणून डिस्क काढून घ्यावी किंवा संपूर्ण डिस्क पुसणारी सोय वापरावी.

तुमच्यासाठी एक उदाहरण: घरच्या लाइनचा वर पाठविण्याचा वेग मोजा, पत्रांच्या फाइलीचा आकार पाहा, आणि प्रत दुसऱ्या ठिकाणी पाठवायला किती मिनिटे लागतील ते काढा. मग प्रत्यक्ष घड्याळ लावून पाहा. उत्तरात फरक पडेल. तो का पडला, हे वर्गात सरांना विचारण्याआधी स्वतः शोधून बघा.