दगडांतला वायु

आपल्या मालवणकडचा जांभा दगड छिद्रमय असतो. पावसाचें पाणी त्यांतून झिरपतें आणि आपल्या विहिरींना मिळतें. शेल हा खडक त्याच्या उलट होय. प्राचीन जलाशयांच्या तळचा बारीक चिखल दाबला जाऊन तो झाला. त्याच्या अतिसूक्ष्म छिद्रांत ज्वलनशील वायु असतो. परंतु त्याला बाहेर पडावयास वाट नसते.

म्हणून शास्त्रज्ञ प्रथम खोल विंधण घेऊन खडकाचे नमुने तपासतात. त्यांत सेंद्रिय अंश पुरेसा आहे काय? भूगर्भाच्या उष्णतेनें त्याचा वायु झाला आहे काय? खडक ठिसूळ आहे काय? कारण ठिसूळ खडकासच भेगा नीट पडतात. उत्तरें अनुकूल आलीं, तर आधीं उभें व मग थरांतून आडवें छिद्र पाडतात. त्यांत पोलादी नळ बसवून भोंवतीं सिमेंट भरतात, म्हणजे वरच्या थरांतील गोडें पाणी सुरक्षित राहावें. नंतर नळास भोकें पाडून वाळू व थोडीं रसायनें मिसळलेलें पाणी प्रचंड दाबानें सोडतात. खडक फाटतो, वाळूचे कण भेगा मिटूं देत नाहींत, आणि वायु वर येतो.

आपल्या देशांत २०११ सालीं पश्चिम बंगालमध्यें दुर्गापूरजवळ, सुमारें १,७०० मीटर खोलीवरील शेलमधून ओएनजीसीनें असा वायु प्रथम मिळविला.

मात्र अशा एका विहिरीस कोटीहून अधिक लिटर पाणी लागूं शकतें. वैशाखांत तळ गांठणाऱ्या विहिरी आपण पाहिल्या आहेत. तेव्हां वायु किती मिळेल, इतकेंच विचारून थांबूं नका. पाणी कोठून आणणार आणि वापरलेलें कोठें सोडणार, हेंही विचारावयास शिका.