आधी धूर बघ, मग मिस्त्रीचं ऐक

अगं, ऐन उन्हाळ्यात वीज जाते, केळीला पाणी तर हवंच, आणि शेडमधलं डिझेल इंजिन नेमकं तेव्हाच धूर ओकायला लागतं. मिस्त्री येतो नि म्हणतो, ‘वहिनी, इंजिन खोलावं लागेल.’ लगेच हो म्हणू नकोस. धूर कुठल्या रंगाचा आहे आणि कधी येतो, एवढं आधी बघ.

काळ्या धुराला घाबरू नकोस. हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडच्या वावटळीत एअर क्लीनर किती लवकर भरतो, तुला माहीत आहेच. वाटीतल्या तेलाचा चिखल झाला असेल तर धुऊन नवं तेल भर, पण खुणेपर्यंतच. जास्त भरलंस तर इंजिन तेच ओढतं आणि निळा धूर निघतो. मग पंप हाताने फिरवून बघ. ग्लँड फार आवळली असेल तर इंजिनावर लोड येतो. काळ्या जमिनीत नांगर खोल लावला की ट्रॅक्टर काळा धूर सोडतो, तसंच हे. इतकं करूनही धूर राहिला तर नोझल काढून जळगावला किंवा धुळ्याला टेस्टरवर तपासून आण.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पट्टी काढून बघ, कुणी ऑइल जास्त ओतलं असेल तर तेवढ्यावरच भागेल. पण खाली गळती नाही आणि तरी ऑइल सारखं कमी होतंय, तर बहुधा रिंगा-लायनर गेलेत. तिथे मिस्त्री खरं बोलतोय, पैसे काढून ठेव.

पांढरा मात्र फसवा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. धुळ्याच्या थंडीत पहाटे लोखंड गार असतं, काही डिझेल न जळताच बाहेर येतं. इंजिन तापल्यावर धूर थांबला तर सोडून दे. नाही थांबला आणि डोळे चुरचुरले, तर कॉम्प्रेशन, टायमिंग किंवा नोझल. डिझेलचा वास नाही, नुसती वाफ, तर पाणी आत शिरतंय: बहुतेक हेड गॅस्केट. कोकणात ज्या बोटींच्या धुरांड्यात थंड करायचं पाणी सोडतात, तिथे थोडी वाफ दिसणारच. आपल्या पंपाला ती सूट नाही. पट्टीवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर इंजिन तिथेच बंद कर, पुन्हा हँडल मारू देऊ नकोस.

पावसाळ्यात ड्रमच्या तळाला पाणी साचतं, त्यामुळे शेवटचं डिझेल टाकीत ओतायचं नाही.

आणि हो, नोझल उडतंय का बघायला कुणी पुढे हात धरला तर ओरड. तो फवारा कातडीतून आत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठायचा.