आवारातील व बांधावरील गवत : कापणीयंत्राची निवड

आषाढ-श्रावणात पाऊस लागला म्हणजे वस्तीभोवतालचे आवार, गोठ्यामागील जागा, विहिरीची वाट व शेताचे बांध ही सर्व एकाच वेळी गवताने भरून जातात. आणि नेमके त्याच दिवसांत भांगलणीमुळे माणूस मिळेनासे होते. ह्या अडचणीमुळे सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत दांड्याचे गवतकापणी यंत्र, ज्यास बाजारात ब्रश कटर म्हणतात, ते वस्त्यांवर दिसू लागले आहे. दुकानात गेलेले गिऱ्हाईक बहुधा पहिला प्रश्न करते तो 'ताकद किती?' हा. आमच्या मते पहिला प्रश्न निराळा असावा : कापलेले गवत पुढे जावयाचे कोठे, गोठ्यात की उकिरड्यावर? याचे उत्तर निश्चित झाले की निम्मी निवड झालीच म्हणून समजावे.

यंत्राच्या टोकास नायलॉनची दोरी तरी बसते, नाही तर पोलादी पाते. दोरीची युक्ती अमेरिकेतील ह्यूस्टन शहरचे जॉर्ज बॅलस यांस १९७१ साली सुचली. मोटारी धुण्याच्या यंत्रातील फिरते ब्रश पाहून त्यांनी एका डब्यास भोके पाडली, त्यांतून मासे धरण्याची दोरी ओवली व तो डबा फिरविला. या दोरीस धार मुळीच नसते. मिनिटास कित्येक हजार फेरे घेतल्यामुळे ती ताठ होते व फटक्यासरशी गवत तोडते. दगडास लागली तर ती झिजते, पात्यासारखी उसळत नाही. सबब पायरीची कड, तुळशीचा कट्टा, विहिरीचे बांधकाम अशा ठिकाणी दोरीच योग्य होय.

परंतु फटक्याने तुटलेल्या गवताचा चुरा होतो, त्यात माती मिसळते व झिजलेल्या दोरीचे कणही त्यातच राहतात. असा चुरा जनावराने हुंगून सोडला तर बरे. खाल्ला तर अधिक वाईट. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून कडबा कापण्याची यंत्रे निघू लागली, तेव्हापासून कुट्टी आपल्या लोकांस ठाऊक आहे. म्हणून कित्येकांस वाटते की हाही तोच प्रकार. तो तसा नव्हे. कुट्टी स्वच्छ पेंढीची होते, जमिनीवरील कचऱ्याची नव्हे. ज्याच्या बांधावर मारवेल किंवा पवना आहे व ज्याच्या दावणीस दोन म्हशी आहेत, त्याने गोल दातेरी पाते घ्यावे आणि त्याबरोबर गवत एका अंगास पाडणारे संरक्षक कवच मागून घ्यावे. गवत बुडाशी कापले जाऊन ओळीने पडते व पेंढी बांधता येते. येथेही हात आवरावा. घरातील बाई विळ्याने रोज एक भारा आणते तो रोजच्या वैरणीपुरता असतो. यंत्र सबंध बांध एका दिवसात लोळविते. आज सर्व कापून कुजवावयाचे आणि पुढील आठवड्यात वैरण विकत आणावयाची, हा व्यवहार तोट्याचा आहे.

आवार एक-दोन गुंठेच असेल तर यंत्राच्या भरीस न पडता विळा पुरतो. त्याहून मोठ्या आवारास विजेचे हलके यंत्र चालेल. मात्र ओल्या गवतात वायर ओढीत फिरणे जिवावरचे काम आहे, म्हणून शक्य तर बॅटरीचे घ्यावे. बांधास पेट्रोलचे यंत्र लागते. त्यात टू-स्ट्रोक इंजिन हलके असते व कसेही कलले तरी चालते. पण दर लिटर पेट्रोलात, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, २० ते ४० मिलिलिटर योग्य तेल मिसळावेच लागते. नुसते पेट्रोल घातले की पिस्टन धरतो. ज्या घरी यंत्र चारचौघांच्या हाती जाते, तेथे तेल वेगळे राहणारे फोर-स्ट्रोक इंजिन बरे. त्यातील तेलाची पातळी मात्र रोज पाहावी. पाटण, जावळीच्या उतारावर गवत दाट असते, तेथे बळकट इंजिन व दोन्ही खांद्यांचा पट्टा हवा. माण, आटपाडी, जत येथे गवत थोडे व काटेरी झुडूप फार. तेथे तीन दातांचे पाते घ्यावे, आणि दोघा-तिघा शेजाऱ्यांनी मिळून एकच यंत्र घेतले तरी भागते. कराड, वाळवे, पलूसकडील बागायतदारांनी हे जाणून असावे की हराळी व लव्हाळा वरून कापल्याने मरत नाहीत. त्यांचे मूळ जमिनीत शाबूत राहते. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वीच काढावे, तेही हातमोजे घालून मुळासकट उपटलेले उत्तम. यंत्राने त्याचे तुकडे व पराग अंगावर उडतात व कित्येकांस त्याने खाज किंवा दमा होतो.

आता धोक्याविषयी. फिरत्या टोकाने उडविलेला खडा डोळा घेऊन जाण्यास पुरेसा असतो. चष्मा, बूट व जाड पायजमा यांवाचून यंत्र सुरू करू नये, आणि १५ मीटरांच्या आत मूल किंवा जनावर येऊ देऊ नये. पात्याचा उजवीकडील पुढचा भाग दगडावर आपटला की यंत्र हिसका देऊन उलटते. म्हणून बांध आधी पायांनी चालून पाहावा. हद्दीचे दगड बहुधा गवतातच बुडालेले असतात. ते शाबूत राखणे ही १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे खातेदाराचीच जबाबदारी आहे, आणि दगड हलला म्हणजे मोजणीच्या वेळी काय होते ते आमच्या खात्यातील माणसांस विचारावे! दुसरी गोष्ट झाडांची. आंब्याच्या कोवळ्या कलमास दोरीचा वेढा बसला की साल सोलून निघते; साल सभोवार गेली तर झाड वाळते, आणि तीन-चार वर्षांची जोपासना क्षणात जाते. खोडापासून हातभर जागा खुरप्यानेच साफ ठेवावी. ठिबकच्या नळ्याही दोरी सहज कापते, म्हणून त्या आधी बाजूस घ्याव्यात.

खरेदीपूर्वी दोरीची चकती, पाते व स्पार्क प्लग तालुक्याच्या गावी मिळतात की नाही ते पाहावे. स्वस्त यंत्र सुट्या भागावाचून माळ्यावर पडते. शासकीय अनुदान हवे असल्यास महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमतीपत्र हाती येईपर्यंत पावती करू नये, कारण आधी घेतलेल्या यंत्रास अनुदान मिळत नाही. हंगाम संपला म्हणजे टाकीतील पेट्रोल काढून घ्यावे व इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असते, ते हवेतील ओलावा शोषून घेते व कार्ब्युरेटर खराब करते. पात्यावरील रस पुसून त्यास तेलाचा हात द्यावा, आणि यंत्र खुंटीस टांगून ठेवावे.