चालू नळी का काढावी लागते?

अतिदक्षता विभागातील रुग्णांचे नातेवाईक आमच्या कार्यालयात येऊन एक प्रश्न वारंवार विचारतात, “चांगली चालू असलेली नळी काढून नवी का घातली? तिचे पैसे पुन्हा का?” आमचे काम जमाखर्च पाहण्याचे, त्यामुळे पूर्वी हाच प्रश्न आम्हीही डॉक्टरांना विचारला होता. त्यांच्याकडून जे समजले, ते देणगीदार, विश्वस्त व नातेवाईक यांच्यापुढे नम्रपणे ठेवीत आहोत.

पाण्याचा माठ रोज विसळला तरी आतून बुळबुळीत होतो. काथ्याने घासल्याखेरीज तो थर जात नाही. शरीरात घातलेल्या नळीवरही जंतू असाच चिकट थर धरतात. त्यास ‘बायोफिल्म’ म्हणतात. सन १६८३ मध्ये हॉलंडच्या लेव्हेनहूक यांनी दातांवरील किटणात जंतू पाहिले. व्हिनेगरने चूळ भरली तरी किटणाच्या आतले जंतू जिवंत राहतात, हेही त्यांच्या ध्यानी आले.

कधी या थरात बुरशी व जीवाणू एकत्र नांदतात. कँडिडा ही बुरशी तंतू पसरते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू त्या तंतूंना चिकटतो आणि थराच्या आड औषधापासून बचावतो. जीवाणूंवरील औषधाने बुरशी मरत नाही व बुरशीवरील औषधाने जीवाणू हटत नाहीत. म्हणून रक्ताचे कल्चर पाहून दोन्हींवर उपचार करावे लागतात. फ्लुकोनॅझोल हे नित्याचे औषध थरातील बुरशीपुढे अपुरे पडते. कॅस्पोफंगिन अथवा लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी अधिक उपयोगी, परंतु महाग आहे.

नळी तशीच ठेवल्यास उतरलेला ताप पुन्हा चढू शकतो. जंतू रक्तावाटे हृदयाच्या झडपांपर्यंत वा डोळ्यांपर्यंतही पोहोचू शकतात. यास्तव रक्तवाहिनीतील अशी नळी शक्य तेथे काढणे हा उपचाराचाच भाग होय. रक्त जंतुमुक्त झाल्यानंतरही साधारणतः किमान १४ दिवस औषध चालते. बरे वाटू लागले म्हणून रुग्णास मध्येच घरी नेऊ नये.

हिशेबात नवी नळी खर्चाच्या बाजूस दिसते. ती वेळेवर न बदलल्याने वाढणारे अतिदक्षतेचे दिवस व गमावलेला रुग्ण कोणत्या रकान्यात मांडावा, हे आम्हांस ठाऊक नाही. गरजू रुग्णाची दुसरी नळी आपल्या देणगीतून येते, तेव्हा ती वाया गेली असे कृपया समजू नये.

नातेवाइकांस एवढीच विनंती : रुग्णाजवळ जाताना हात धुवावेत, नळीस हात लावू नये, आणि “ही नळी अजून आवश्यक आहे का?” हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.