मधल्या तारेचा वाटा

एसी प्रवाह तारेच्या पोटातून कमी आणि कडेने जास्त वाहतो. हा स्किन इफेक्ट फळ्यावरच्या सूत्राने पटत नाही. मोजून पाहिला की मनात बसतो. अखंड तारेच्या आत मोजता येत नाही, म्हणून एका तारेऐवजी सात तारांचा जुडगा करू आणि प्रत्येकीचा वाटा वेगळा पाहू.

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून 20 गेजची इनॅमल तार आणा आणि एकेक मीटरचे सात सरळ तुकडे कापा. पुठ्ठ्याच्या पाच-सहा चकत्यांना मध्यभागी एक आणि त्याभोवती 1 सेंमीवर सहा भोकं पाडून तारा ओवा. टोकांचं इनॅमल नीट खरवडा, नाहीतर डाग धरत नाही. एका बाजूची सातही टोकं कोऱ्या पीसीबीच्या गोल तुकड्याला डाग देऊन जोडा. दुसऱ्या बाजूला प्रत्येक तार 1 ओहमच्या मेटल फिल्म रेझिस्टरमधून तशाच तुकड्यावर न्या. रेझिस्टरचे पाय आखूड आणि सारखे हवेत. वायरवाउंड रेझिस्टर नको. त्याचं इंडक्टन्स माप बिघडवतं.

फंक्शन जनरेटरचं ग्राउंड आणि डीएसओची ग्राउंड क्लिप, दोन्ही रेझिस्टरच्या बाजूच्या पीसीबीवर लावा. जनरेटरचं दुसरं टोक पलीकडच्या पीसीबीला जोडणारी तार जुडग्यापासून अर्धा मीटर लांब ठेवा. ती जवळ आली तर तिच्या बाजूची तार जास्त प्रवाह ओढते.

आता एकेका रेझिस्टरवरचा व्होल्टेज मोजा. 1 किलोहर्ट्झला सातही सारखे. 100 किलोहर्ट्झला मधली तार जेमतेम मागे. 500 ला तिचा प्रवाह बाहेरच्या एका तारेच्या सुमारे 60 टक्के, आणि 2 मेगाहर्ट्झला 40 ते 45. मधल्या तारेला सहाही बाजूंच्या तारांचं चुंबकीय क्षेत्र वेढतं, त्यामुळे प्रवाहाला होणारा विरोध तिच्यात सर्वांत जास्त असतो.

घरच्या विजेवर हे दिसणार नाही, आणि तो प्रयत्न करूही नका. 50 हर्ट्झला तांब्यातली स्किन डेप्थ, म्हणजे प्रवाह पृष्ठभागापासून मुख्यतः जेवढ्या खोलीपर्यंत वाहतो ती, सुमारे 9.3 मिमी असते; 1 मेगाहर्ट्झला ती 0.066 मिमीवर येते.

शेवटी मधली तार बरोबर अर्ध्यावर बाहेर काढा, बाहेरची एक तिच्या जागी आत घ्या आणि 2 मेगाहर्ट्झला पुन्हा मोजा. त्या दोघी 70 टक्क्यांच्या आसपास येतात. इंडक्शन शेगडीच्या कॉइलमधल्या केसासारख्या तारा पीळ देऊन अशाच आत-बाहेर फिरवलेल्या असतात.